सारायेवो : एका मार्काचं शहर



'पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण कोणते?'

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ३३ वर्षं इतिहास शिकवला आणि जवळजवळ दरवर्षी हा प्रश्न विचारला. उत्तर ठरलेलं. 'ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्सिस फर्डिनंड याचा सेराजेव्हो येथे २८ जून १९१४ रोजी खून झाला.' मार्क एक. युवराजाचं नाव चुकलं तर अर्धा मार्क कापायचा, गावाचं चुकलं तर मी सोडून द्यायची. गावाचं नाव कुणाला नीट लिहिता येतंय! आणि खरं सांगायचं तर मलाही कुठे नीट माहीत होतं? त्या गावाचा उच्चार 'सारायेवो' असा आहे हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी कळलं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे एक जुनी गोष्ट. १९८०च्या आसपासची असेल. नववीचा वर्ग. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "बाई, गोळी झाडली तेव्हा त्या गावातली माणसं काय करत होती? नंतर त्यांचं काय झालं?"

मी म्हणाले, "ते परीक्षेला नाही. खाली बस."

तो बसला. त्याचं आडनावही आता आठवत नाही, पण त्याचं ते खाली बसणं आठवतं. पुन्हा त्यानं वर्षभरात कधी हात वर केला नाही. पोर्शन संपवायचा होता, शिवाय उत्तर मला येत नव्हतं. येत नव्हतं हे कबूल करण्यापेक्षा खाली बसवणं सोपं होतं. आपल्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना येते.

तर २०१९च्या जून महिन्यात मी लेकीकडे व्हिएन्नाला होते. नातू तेव्हा तेरा वर्षांचा. "आजी, तुला हिस्ट्री आवडते ना?" म्हणून तो मला तिथल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात घेऊन गेला. एका दालनात गेलो आणि मी थबकलेच. समोर फर्डिनंडची ती उघडी मोटार, खरीखुरी. शेजारी काचेच्या पेटीत त्याचा निळसर रंगाचा लष्करी कोट. कोटावर डाग. ३३ वर्षं जे वाक्य फळ्यावर लिहिलं ते वाक्य असं कापडाचं आणि लोखंडाचं होऊन समोर उभं राहिलं की काय वाटतं, ते सांगता येत नाही.

घरी येऊन लेकीला म्हटलं, "हे गाव इथून किती लांब आहे गं?" ती म्हणाली, "विमानानं तास-सव्वा तास. जाऊ या का?"

साताऱ्याला बहिणीला फोन केला तर ती ओरडलीच. "अगं वेडी का काय! तिकडे बाँब पडतात ना?" तिला म्हटलं, ते युद्ध १९९५ साली संपलं. तर म्हणे, "मग टीव्हीवर तर दाखवत होते." तिची चूक नाही. या शहराबद्दल जगाला दोनच बातम्या माहीत आहेत, एक १९१४ची आणि एक १९९२ची. मधली आणि आधीची वर्षं तिथे काही घडलंच नाही असा आपला समज असतो. माझाही होता.

*

विमान उतरताना पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर डोंगर. चारी बाजूंनी हिरवे डोंगर आणि मधल्या खोलगट भागात लांबट पसरलेलं गाव, उतारांवर लाल कौलांची घरं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, हे तर साताराच!" यवतेश्वरच्या घाटातून खाली बघितल्यावर दिसतं ना, अगदी तसं.

गावातून नदी वाहते, तिचं नाव मिल्यात्स्का. इतिहासाच्या पुस्तकातल्या नद्या मनात फार मोठ्या असतात. ही आपल्या वेण्णेएवढी! जूनमध्ये पाणी जेमतेम घोट्याच्या वर. त्या दिवशी फर्डिनंडवर पहिला बाँब टाकणारा चाब्रिनोविच सायनाइड खाऊन नदीत उडी मारतो असं नंतर वाचलं. सायनाइड जुनं, त्यानं नुसत्या उलट्या झाल्या, आणि नदीत बुडायला पाणीच नव्हतं. पुस्तकात वाचताना हे खोटं वाटलं असतं. नदी बघितल्यावर लगेच पटलं.

जुन्या पेठेचं नाव बाश्चार्शिया. मधोमध चौकात लाकडी जाळीदार पाणपोई आहे, तिला सेबिल म्हणतात. भोवती कबुतरंच कबुतरं. तिथलं पाणी प्यायलेला माणूस पुन्हा सारायेवोला येतोच, अशी तिथे समजूत. मी दोन ओंजळी प्याले. पुढे एका बोळातून ठक ठक ठक असा आवाज येत होता. त्या बोळाचं नाव कझंजिलुक, म्हणजे शब्दशः तांबट आळी! पुण्यात कसब्यात आमची आत्या राहायची, तिच्याकडे गेल्यावर तांबट आळीतून हाच आवाज यायचा. शेजारी खोगीर करणाऱ्यांची आळी, सोनारांची आळी. आता बहुतेक दुकानं पर्यटकांसाठी आहेत हे खरं, पण आळ्यांची नावं तीच राहिली आहेत. एका दुकानात पितळी फुलदाण्या होत्या, सुंदर नक्षीच्या. हातात घेऊन बघितली तर ती तोफगोळ्याची रिकामी पुंगळी होती. चटकन खाली ठेवली.

मग शब्दांची गंमत सुरू झाली. दुकानाला तिथे 'दुचान' म्हणतात. बगीच्याला 'बाश्चा'. वैद्याला 'हेचिम', म्हणजे आपला हकीम. आणि शत्रूला 'दुश्मानिन'. शहराच्या नावातलं 'साराय' म्हणजे वाडा, राजवाडा. आपल्याकडची 'सराई' ती हीच. फार्सी आणि अरबी शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेले, आणि बहामनी, आदिलशाही, मोगलाईतून आपल्याकडे आले. मुंबईपासून इतक्या दूर असलेल्या गावाचे आणि आमच्या साताऱ्याचे दुकान आणि दुश्मन दोन्ही एकच. नातवाला हे सांगितलं तर तो दिवसभर पाट्या वाचत शब्द शोधत बसला.

हे शहर वसवलं तुर्कांनी, पंधराव्या शतकात. ईसाबेग नावाच्या सुभेदारानं इथे वाडा, मशीद, पूल, बाजार बांधला. त्याला रूप दिलं गाझी हुसरेव-बेगनं, सोळाव्या शतकात. त्याची १५३१ची मशीद, १५३७चा मदरसा आजही आहे. मशिदीशेजारी घड्याळाचा मनोरा. संध्याकाळी सूर्य मावळताना बघितलं तर घड्याळात बारा वाजलेले! मला वाटलं बंद पडलंय. पण नाही. ते घड्याळ सूर्यास्ताला बारा दाखवतं आणि दिवस तिथून मोजतं, त्यामुळे ते सारखं लावत राहावं लागतं. खास त्यासाठी माणूस असतो.

त्याच सोळाव्या शतकात स्पेनमधून हाकललेले ज्यू इथे येऊन राहिले. मशिदीपासून चार पावलांवर त्यांचं जुनं प्रार्थनामंदिर, थोडं पुढे सर्बांचं जुनं ऑर्थोडॉक्स चर्च, आणखी पुढे कॅथलिकांचं मोठं चर्च. १८७८ साली ऑस्ट्रियानं हा मुलूख ताब्यात घेतला आणि पुढचं शहर व्हिएन्नासारखं बांधलं. मुख्य रस्त्यावर एक रेघ मारलेली आहे. रेघेच्या अलीकडे उभं राहून पूर्वेला बघितलं की बुटकी तुर्की दुकानं, पश्चिमेला बघितलं की उंच ऑस्ट्रियन इमारती. नातू रेघेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभा राहिला. ट्राम इथे १८८५ साली आली, घोड्यांची. १८९५ला विजेची झाली.

खायची मला काळजी होती, कारण मी शाकाहारी. पण तिथे पातळ पापुद्र्यांची गुंडाळलेली भाजलेली 'पिता' मिळते, बटाट्याची, पालकाची, चीजची. फक्त 'बुरेक' म्हणायचं नाही, बुरेक म्हणजे मांसाचीच. बटाट्याची पिता आणि वर दही खाऊन मी तीन दिवस मजेत काढले. आणि तिथलं चलन काय, माहीत आहे? मार्क! एका मार्काचं गाव म्हणून आयुष्यभर शिकवलं, तर तिथे एका मार्कात साधी कॉफी मिळतानाही मारामार.

*

आता त्या कोपऱ्याकडे येते.

नदीवर एक छोटा दगडी कमानींचा पूल आहे, लॅटिन पूल. त्याच्या समोरचा कोपरा. तळमजल्यावर आता लहानसं संग्रहालय आहे. मी तिथे उभी राहिले आणि मनात पहिला विचार आला तो हा की किती लहान जागा आहे! आमच्या राजवाड्याजवळचा कुठलाही कोपरा याच्यापेक्षा मोठा असेल.

त्या दिवशी सकाळी बाँब चुकला. तो मोटारीच्या दुमडलेल्या छपरावरून घसरला आणि मागच्या गाडीपाशी फुटला. फर्डिनंड नगरभवनात गेला, स्वागत झालं, आणि जखमी अधिकाऱ्याला बघायला इस्पितळात जायचं त्यानं ठरवलं. रस्ता बदलायचा ठरला, पण ते ड्रायव्हरला कुणी सांगितलं नाही. त्यानं या कोपऱ्यावर गाडी वळवली, चूक कळल्यावर थांबवली. तिथेच गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या. एक फर्डिनंडला, एक त्याची बायको सोफी हिला.

प्रिन्सिपचं वय १९. शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला सारायेवोला आलेला. वीस वर्षं पूर्ण नव्हती म्हणून त्याला फाशी झाली नाही. २० वर्षांची शिक्षा झाली आणि तो १९१८च्या एप्रिलमध्ये तुरुंगात क्षयानं मेला. त्या दिवशी रस्त्यावर सहा जण उभे होते, त्यांतला सर्वांत लहान १७ वर्षांचा, वासो चुब्रिलोविच. त्यानं हत्यार चालवलं नाही. शिक्षा भोगून सुटल्यावर तो पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि १९९० साली वारला. आणि हे सगळं जमवून आणणारा दानिलो इलिच? तो शिक्षकाची नोकरी केलेला माणूस. त्याला १९१५ साली फाशी दिलं. मंडळी, ३३ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की या एका मार्काच्या प्रश्नात एक शिक्षक आहे आणि बाकीची जवळजवळ सगळी माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची आहेत.

आणि त्या कोपऱ्यावरच्या पाट्या! १९१७ साली ऑस्ट्रियानं तिथे फर्डिनंड आणि सोफीचं स्मारक उभारलं. युद्ध हरल्यावर ते काढलं. १९३० साली प्रिन्सिपच्या गौरवाची पाटी लागली. १९४१ साली जर्मन आले, त्यांनी ती काढून हिटलरला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा गौरवाची पाटी. पुलाला प्रिन्सिपचं नाव, फुटपाथवर त्याच्या पावलांचे ठसे. १९९२चं युद्ध सुरू झालं आणि ते ठसेही उखडले गेले, कारण वरच्या डोंगरांवरून गोळे टाकणारे सर्ब होते आणि प्रिन्सिपही सर्ब. आता जी पाटी आहे तिच्यावर नुसती तारीख, नावं आणि काय झालं एवढंच. हुतात्मा नाही, मारेकरी नाही.

कोरडी पाटी आहे. आधी मला ती फारच रुक्ष वाटली. मग तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले आणि एक गोष्ट लक्षात आली. मी वर्गात काय म्हणायची? 'चापेकरांनी रँडचा वध केला.' 'अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला.' आणि 'प्रिन्सिपने फर्डिनंडचा खून केला.' त्याच मुलांना, त्याच तोंडानं. अनंत कान्हेरेही कोवळाच पोरगा, आणि परक्या राज्याच्या माणसावर गोळी झाडणाराच. वध कुठे म्हणायचं आणि खून कुठे, हे मी कधी ठरवलं नव्हतं. ते आमच्या आईबापांनी, पुस्तकांनी ठरवून दिलेलं होतं. चापेकर आणि प्रिन्सिप सारखे, असं मला म्हणायचं नाही. रँडबरोबर आयर्स्टही गेला आणि फर्डिनंडबरोबर सोफीही गेली, हेही मला तिथेच आठवलं. मी एवढंच म्हणते की माझ्या फळ्यावरही पाटी होती आणि ती मी कधी वाचली नव्हती.

त्या देशात आजही शाळांमध्ये हा पेच आहे. सर्ब मुलांच्या पुस्तकात प्रिन्सिप वीर असतो, इतरांच्या पुस्तकात दहशतवादी. २०१४ साली शंभर वर्षं झाली तेव्हा शहरात व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला, आणि शेजारच्या पूर्व सारायेवोत सर्बांनी प्रिन्सिपचा पुतळा उभा केला. एकच निमित्त, दोन समारंभ.

*

आम्ही ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या बाई माझ्याच वयाच्या, आणि शाळेतून निवृत्त! गणित शिकवायच्या. त्यांना जर्मन येत होतं, लेक मधे बसून भाषांतर करायची. संध्याकाळी त्या तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात (जेझ्वा म्हणतात त्याला) कॉफी करायच्या. कान नसलेले एवढेसे पेले, साखरेचा खडा आणि मिठाईचा एक चौकोनी तुकडा. कॉफी घाईनं प्यायची नसते, हे मला पहिल्याच दिवशी डोळ्यांनी बजावण्यात आलं. दोन मास्तरणी एकत्र आल्यावर काय, भाषा नसली तरी चालते.

वेढ्याच्या गोष्टी त्यांनी आपणहून सांगितल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी विचारल्यावर बोलल्या. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६. १,४२५ दिवस. आम्हा सातारकरांना वेढा माहीत आहे तो उलटा. औरंगजेबानं १६९९मध्ये अजिंक्यताऱ्याला वेढा घातला तेव्हा आपण वर होतो आणि फौज खाली. इथे शहर खाली आणि तोफा वर. विमानातून मला जे डोंगर साताऱ्यासारखे गोड वाटले, तेच ते डोंगर. आम्ही त्रेबेविचवर रोपवेनं गेलो होतो. (हा रोपवे युद्धात बंद पडला तो २०१८ साली पुन्हा सुरू झाला. वर १९८४च्या हिवाळी ऑलिंपिकची घसरगाडीची काँक्रीटची मार्गिका अजून आहे, रंगीत चित्रांनी भरलेली.) तिथून शहराची एक एक खिडकी दिसते. मी म्हटलं, किती छान दिसतं! लेक गप्प झाली. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. इतकं छान दिसतं म्हणजे नेमही तितकाच छान धरता येतो.

बाईंनी सांगितलं, शाळा बंद पडल्या नाहीत. तळघरात, इमारतींच्या जिन्यात वर्ग भरायचे. वीज नाही, पाणी नाही. बिअरच्या कारखान्यात झरा होता, तिथे डबे घेऊन रांग. रांगेवरही गोळे पडायचे. हिवाळ्यात शेगडीत आधी बागेतली झाडं गेली, मग फर्निचर, जुने बूट, मग पुस्तकं. मी विचारलं, कुठली पुस्तकं आधी? त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "इतिहासाची पाठ्यपुस्तकं. ती नाहीतरी बदलणारच होती. गणिताची ठेवली."

यावर मी काय बोलणार!

ऑगस्ट १९९२मध्ये तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय तोफा डागून जाळलं गेलं. वियेच्नित्सा तिचं नाव. हीच ती १८९६ची इमारत, जिथे नगरभवन असताना फर्डिनंडचं शेवटचं स्वागत झालं होतं. लाखो पुस्तकं गेली. जळलेले कागद गावभर उडत होते, बाईंच्या गॅलरीतही येऊन पडले. हातात घेतला की अक्षर दिसायचं आणि लगेच राख व्हायचा. इमारत २०१४ साली पुन्हा उभी राहिली. रंगीत काचांचं छत, सगळं झगझगीत. कपाटं मात्र पूर्वीसारखी भरली नाहीत. भरणार कुठून?

रस्त्यांवर जिथे गोळा पडून माणसं मेली, तिथल्या खड्ड्यांत लाल लाख ओतून ठेवली आहे. फूल उमलल्यासारखा आकार होतो. त्याला 'सारायेवोचे गुलाब' म्हणतात. मार्काले नावाच्या मंडईत १९९४च्या फेब्रुवारीत एका गोळ्यानं ६८ माणसं मेली. आम्ही गेलो तेव्हा तिथे चेरी विकायला बसल्या होत्या बायका. मी अर्धा किलो घेतल्या. घ्याव्यात की नाही असं क्षणभर वाटलं. पण विकणारीला त्याच जागी रोज बसायचं असतं.

२०१२ साली, वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. मेलेल्या प्रत्येकासाठी एक. त्यांतल्या ६४३ लहान मुलांच्या, बुटक्या. बाई म्हणाल्या, लोक त्या छोट्या खुर्च्यांवर खेळणी ठेवून गेले.

शेवटच्या दिवशी मी त्यांना भाबडेपणानं म्हटलं, "तुमच्याकडे मशीद, चर्च, ज्यूंचं मंदिर सगळं एका आळीत. पूर्वी सगळे किती गुण्यागोविंदानं राहत असतील!" त्यांनी पेला खाली ठेवला. लेकीनं केलेलं भाषांतर साधारण असं : "आमच्याबद्दल बाहेरचे दोनच गोष्टी बोलतात. एक, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे गळे कापतात. दुसरी, हे लोक देवदूतांसारखे एकत्र राहत होते. दोन्ही आमच्यासारखी माणसं कधी न पाहिलेल्यांनी लिहिलेल्या आहेत. शेजारी होतो आम्ही. शेजारी जसे असतात तसे."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मला त्या संग्रहालयातच कळायला हवा होता. गोळी झाडली त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत सारायेवोत काय झालं? जमावानं सर्बांची घरं, दुकानं, हॉटेलं फोडली. सामान रस्त्यावर फेकलं, लुटलं. पोलीस बघत राहिले. म्हणजे ज्या गावानं सगळ्या धर्मांना जागा दिली त्याच गावानं हेही केलं. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या दहा हजार ज्यूंपैकी बहुतेक सगळे मारले गेले. पण त्याच शहरातल्या संग्रहालयाचा मुसलमान ग्रंथपाल देर्विश कोर्कुत यानं १९४२ साली ज्यूंचा चौदाव्या शतकातला सचित्र ग्रंथ, 'सारायेवो हग्गादा', नाझी अधिकाऱ्याच्या हाती लागू दिला नाही. १९९२ साली तो पुन्हा गोळीबारातून वाचवला गेला. ग्रंथ दोनदा वाचला. तो वाचणारी माणसं वाचली नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या आहेत, आणि एक सांगून दुसरी लपवली की शहर खोटं होतं.

*

परत आल्यावर एकदा अपशिंग्याला गेले होते. साताऱ्याजवळचं, अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते. त्या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. सारायेवो कुठे आहे हे त्यांतल्या कुणालाही माहीत असायचं कारण नव्हतं. आणि मिल्यात्स्काच्या काठच्या त्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही अपशिंगे माहीत नव्हतं. मी दोन्ही ठिकाणं एकाच पाठात शिकवू शकले असते. साधी दहा मिनिटं लागली असती.

आता मी ७६ वर्षांची आहे. शेजारची दोन मुलं संध्याकाळी अभ्यासाला येतात. प्रश्न अजूनही एका मार्काचाच असतो आणि उत्तरही मी तेच लिहायला सांगते, कारण मार्क त्यांना मिळायला हवा. पण वही मिटल्यावर आम्ही थोडा वेळ बसतो. तांबट आळीतून आणलेलं ते जेझ्वा मी शोकेसमधून काढून त्यांच्या हातात देते. सारायेवो नीट उच्चारून दाखवते.

आणि तिसऱ्या बाकावरच्या त्या मुला, तू आता साठीच्या आसपास असशील. तुझं उत्तर असं : ती माणसं रविवारची सकाळ म्हणून रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहुणा बघत होती. संध्याकाळपासून त्यांतल्या काहींनी शेजाऱ्यांची दुकानं फोडली. नंतर त्यांच्यावरून चार राजवटी गेल्या आणि प्रत्येकीनं कोपऱ्यावरची पाटी बदलली. त्यांच्या नातवंडांनी ऑलिंपिक भरवलं, वेढा सोसला, जिन्यात बसून गणितं सोडवली. ती अजून तिथेच राहतात, आणि कॉफी सावकाश पितात.

तुझा प्रश्न चांगला होता. तुला खाली बसवायला नको होतं.

असो. फार लांबलं. नावांचे उच्चार कानाला आले तसे लिहिले आहेत, चूभूद्याघ्या.